'द फर्स्ट ऑफ द फ्यू': पडद्यावरचं स्पिटफायर आणि कारखान्यातलं स्पिटफायर

1942 साली, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनमध्ये 'द फर्स्ट ऑफ द फ्यू' हा चित्रपट आला. स्पिटफायर हे लढाऊ विमान आणि त्याचा रचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांची ही गोष्ट. निर्माता, दिग्दर्शक आणि मिचेलच्या भूमिकेतला नट, तिन्ही एकच: लेस्ली हॉवर्ड. नावाचा उगम चर्चिलच्या 20 ऑगस्ट 1940 च्या भाषणात आहे. 'इतक्या थोड्यांचं इतक्या जणांवर इतकं ऋण' अशा अर्थाचं त्याचं वाक्य तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. हे थोडे म्हणजे 1940 च्या ब्रिटनच्या हवाई लढाईतले वैमानिक. त्यांच्यातला पहिला, म्हणजे त्या लढाईच्या तीन वर्षं आधीच वारलेला मिचेल.

कथा 15 सप्टेंबर 1940 ला एका विमानतळावर सुरू होते. वैमानिक दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात वाद घालत असतात आणि त्यांचा वरिष्ठ, डेव्हिड निव्हनने रंगवलेला जेफ्री क्रिस्प, त्यांना 1922 पासूनची हकीकत सांगतो. मिचेल कड्यावर पडून सीगल पक्ष्यांचं उडणं न्याहाळतो, आणि तिथपासून स्पिटफायरपर्यंत एक सरळ रेघ ओढली जाते.

चित्रपट म्हणून हे छान जमलंय, पण विमान असं तयार होत नाही. स्पिटफायरचा देखणेपणा चार-पाच अडेल मागण्या एकाच पंखात बसवताना आलेला आहे, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे एक फसलेलं विमान. चित्रपट नेमकं तेच गाळतो. त्याने सांगितलेलं आणि गाळलेलं शेजारी ठेवलं, की विमान जास्त चांगलं कळतं.

शर्यतीतून काय मिळालं, काय नाही

चित्रपटाचा पहिला भाग श्नायडर करंडकाभोवती फिरतो, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. ही समुद्रावरून उडणाऱ्या विमानांची आंतरराष्ट्रीय शर्यत. पाच वर्षांत तीन वेळा जिंकणाऱ्या देशाकडे करंडक कायमचा जाणार, असा नियम होता. मिचेल साउदॅम्प्टनजवळच्या वूलस्टनमधल्या सुपरमरीन कंपनीत 1917 पासून होता. त्याआधी त्याने स्टोकमधल्या आगगाडीची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली होती.

1925 मध्ये त्याचं एस-4 हे विमान बाल्टिमोरला शर्यतीआधीच पाण्यात कोसळलं, वैमानिक हेन्री बिआर्ड वाचला. एस-4 चा पंख बाहेरून कुठल्याही तारेचा आधार नसलेला होता, आणि वेगात तो थरथरला असावा असा संशय होता. म्हणून पुढच्या एस-5 ला मिचेलने मुकाट्याने ताणतारा लावल्या. दिसायला पाऊल मागे, पण 1927 ला व्हेनिसमध्ये तेच विमान ताशी सुमारे 453 किलोमीटरच्या सरासरीने जिंकलं. 1929 ला एस-6 जिंकलं. 1931 ला सरकारने पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी 1,00,000 पौंड दिले. त्या वर्षी इटली आणि फ्रान्सची विमानं तयारच झाली नाहीत, त्यामुळे एस-6बी एकटंच धावलं. करंडक कायमचा ब्रिटनकडे गेला आणि त्याच महिन्याच्या शेवटी याच जातीच्या विमानाने ताशी 655 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.

इथून थेट स्पिटफायरवर उडी मारण्याचा मोह चित्रपटाला आवरत नाही. पण एस-6बी हे लढाऊ विमान होऊच शकत नव्हतं. त्याचं रोल्स-रॉइस 'आर' इंजिन 2,300 अश्वशक्ती द्यायचं, पण खास मिसळलेल्या इंधनावर आणि फार थोडे तास. इंजिनातलं गरम पाणी थंड करायला वेगळा रेडिएटर नव्हता. पंखाचा पत्राच दुहेरी होता आणि पाणी त्या दोन थरांमधून फिरायचं. तेल विमानाच्या कुशीवरून वाहत थंड व्हायचं. हवेचा विरोध कमी करायला ही युक्ती उत्तम, पण अशा पंखाला एक गोळी लागली की पाणी गळून इंजिन बंद. शिवाय इतक्या छोट्या पंखाने उडायला लांबलचक धावपट्टी लागते. समुद्रावर ती हवी तितकी मिळते, तेव्हाच्या गवताळ विमानतळावर नाही.

शर्यतीतून मिळालं ते वेगळंच: पत्र्यालाच भार उचलायला लावणारी धातूची बांधणी, बारीकसारीक विरोध शोधून काढायची सवय, आणि रोल्स-रॉइसशी जमलेलं नातं. आकार मिळाला नाही.

चित्रपटात नसलेलं विमान

1931 मध्ये हवाई मंत्रालयाने नव्या लढाऊ विमानाची मागणी काढली. तिला उत्तर म्हणून मिचेलने टाइप 224 बनवलं, ते फेब्रुवारी 1934 मध्ये उडालं. चाकं पोटात न जाणारी, जाड आवरणात बंद. वैमानिकाची जागा उघडी. पंख मुळाशी खाली वाकून मग वर जाणारा, बराच मोठा आणि जाड. इंजिन रोल्स-रॉइस गॉसहॉक, आणि ते थंड करायची पद्धत म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ.

गॉसहॉकमध्ये पाणी दाबाखाली ठेवून 100 अंशांच्या वर तापू द्यायचे. दाब सोडला की त्याची वाफ होते, आणि वाफ होताना पाणी पुष्कळ उष्णता सोबत नेतं. ती वाफ पंखाच्या पुढच्या कडेत नेऊन तिथे थंड करायची, परत झालेलं पाणी खाली चाकांच्या आवरणांतल्या टाक्यांत साठवायचं आणि पंपाने वर चढवायचं. कागदावर ही पद्धत सुरेख दिसते, कारण बाहेर लोंबणारा रेडिएटर लागत नाही. अडचण पंपापाशी होती. परत आलेलं पाणी उकळण्याच्या अगदी काठावर असायचं. पंपाने ते ओढताच तिथला दाब उतरे, पाण्याची पंपातच वाफ होई आणि पंप पाण्याऐवजी वाफ फिरवत बसे. जोरात वर चढताना, म्हणजे लढाऊ विमानाला सगळ्यात गरज असताना, इंजिन तापत असे आणि वैमानिकाला चढणं थांबवून सरळ उडावं लागे.

वेग भरला ताशी सुमारे 367 किलोमीटर. मंत्रालयाने शेवटी ग्लॉस्टरचं दुपंखी विमान घेतलं. तीन वर्षांपूर्वी जगातलं सगळ्यात वेगवान विमान बनवणाऱ्या माणसाला ही चपराक होती. गंमत अशी, की 'स्पिटफायर' हे नाव आधी याच फसलेल्या विमानासाठी सुचवलं गेलं होतं. ते सुचवणारा मूळ कंपनी व्हिकर्सचा प्रमुख सर रॉबर्ट मॅक्लीन. आपल्या फटकळ मुलीला तो याच नावाने हाक मारायचा असं सांगतात. मिचेलला हे नाव बावळट वाटलं होतं. चित्रपटात मात्र नाव मिचेललाच सुचतं.

टाइप 224 नाकारलं गेल्यामुळे पाटी कोरी झाली. पंख पातळ करायचा, चाकं आत घ्यायची, वैमानिकाला झाकायचं, आणि गॉसहॉकऐवजी रोल्स-रॉइसचं नवं 27 लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन बसवायचं. हेच पुढे मर्लिन झालं. 'सरकारने झिडकारलं म्हणून कंपनीने स्वतःच्या खिशातून विमान बनवलं' ही दंतकथा चित्रपटासारख्या कथनांमुळे पक्की झाली. नोव्हेंबर 1934 मध्ये कंपनीने स्वतः पुढे जायचं ठरवलं हे खरं. पण 1 डिसेंबरलाच मंत्रालयाने नमुना विमानासाठी 10,000 पौंडांचा करार केला, आणि जानेवारी 1935 मध्ये याच विमानाला धरून एफ-37/34 हे मागणीपत्रक लिहिलं गेलं. आधी विमान आणि मग त्याची मागणी, असा हा उलटा क्रम होता.

तो पंख असा का

विमान वर उचललं जातं तेव्हा पंखाच्या टोकांपाशी हवा खालून वर वळते आणि भोवरे होतात. त्या भोवऱ्यांसाठी खर्च होणारी शक्ती म्हणजे एक प्रकारचा विरोधच. उचल पंखभर लंबवर्तुळाच्या प्रमाणात वाटली गेली, तर हा विरोध सगळ्यात कमी राहतो. हे गणित पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून माहीत होतं, त्यात गुपित काही नव्हतं. शिवाय साधा निमुळता पंखही त्याच्या बराच जवळ जातो. नुसत्या या फायद्यासाठी इतका किचकट आकार कोणी कारखान्यात आणणार नाही.

खरं कारण जाडी. ताशी 550 किलोमीटरच्या वर जायचं तर पंख रुंदीच्या मानाने पातळ हवा. पण त्याच पंखात चाकं हवीत आणि बंदुकाही. मंत्रालयातल्या राल्फ सोर्ली या अधिकाऱ्याने हिशेब मांडला होता, की नव्या वेगात शत्रूचं विमान निशाण्यावर जेमतेम दोन सेकंद राहील. तेवढ्यात ते पाडायला मिनिटाला हजार गोळ्या झाडणाऱ्या आठ बंदुका लागतील, म्हणजे दोन सेकंदांत सुमारे 266 गोळ्या. चार बंदुकांचा पंख आठांचा करावा लागला.

पंखाचा पातळपणा मोजतात तो रुंदीच्या टक्क्यांत, पण बंदूक मावायला लागतात सेंटिमीटर. स्पिटफायरच्या पंखाची मुळाशी रुंदी सुमारे अडीच मीटर आणि जाडी तिच्या 13 टक्के. म्हणजे प्रत्यक्षात साधारण 33 सेंटिमीटर जागा मिळते, तरी हवेच्या दृष्टीने पंख पातळच. टोकाकडे हे प्रमाण आणखी कमी होतं. सरळ निमुळता पंख बाहेर जाता जाता लगेच अरुंद होतो, लंबवर्तुळाकार पंख बरंच अंतर रुंद राहून अगदी टोकाशी झपकन आवळतो. त्यामुळे बाहेरच्या बंदुकांनाही जागा उरते. हवेचं गणित पाहणारा बेव्हर्ली शेनस्टोन या आकारावर ठाम होता. मिचेलचं म्हणणं असं सांगतात, की बंदुका झाकल्या जात असतील तर आकार कुठला का असेना.

हा शेनस्टोन कॅनडातला टोरोंटोचा. सुपरमरीनमध्ये येण्याआधी त्याने जर्मनीत युंकर्सच्या कारखान्यात आणि नंतर लिपिश या जर्मन विमान-रचनाकाराबरोबर काम केलं होतं. चित्रपटात मिचेल स्वतः जर्मनीला जातो, मेसरश्मिट या तिथल्या विमान-रचनाकाराला भेटतो, तिथली युद्धाची तयारी पाहून हादरतो आणि परत येऊन लढाऊ विमानाला हात घालतो. ही भेट झालेलीच नाही. 1942 च्या प्रेक्षकाला धोका डोळ्यांसमोर दाखवायला तो प्रसंग हवा होता, हे समजू शकतं. पण जर्मन कारखाने आतून पाहिलेला खरा माणूस मिचेलच्या शेजारच्या टेबलावर बसत होता, आणि त्याला कथेत जागा नाही.

या आकाराची किंमत कारखान्याने भरली. पंखाची पुढची आणि मागची कड ही दोन वेगवेगळ्या लंबवर्तुळांची अर्धी, सरळ कण्यावर जोडलेली. त्यामुळे आतली प्रत्येक आडवी बरगडी वेगळ्या मापाची. त्यात पंखाला पीळ दिलेला: मुळाशी हवेला 2 अंश वर तोंड, टोकाशी अर्धा अंश खाली. कारण वैमानिकाने फार जोरात वळवलं तर आधी मुळापाशी हवा सुटावी, विमान थरथरून इशारा द्यावा, आणि टोकाकडची नियंत्रणं तोवर चालू राहावीत. लढाईत अगदी काठावर वळणाऱ्या वैमानिकांना या थरथरीने वाचवलं.

मुख्य कणा म्हणजे एकात एक घातलेल्या चौकोनी नळ्या, जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारख्या. मुळाशी पाचही नळ्या एकत्र, जवळजवळ भरीव. बाहेर जावं तसा भार कमी, तशी एकेक नळी संपत जाते. कण्याच्या पुढे जाड पत्रा वाकवून इंग्रजी 'डी' अक्षरासारखी बंद पेटी केलेली, तीच पंखाला पिळवटू देत नाही. ही पेटी मुळात वाफ थंड करण्यासाठी आखली होती. मर्लिनसाठी वाफेची पद्धत सोडून दिली, पेटी मात्र बळकटीसाठी राहिली. टाइप 224 चं एवढं तरी वारसाहक्काने आलं.

चाकांबाबत तडजोड करावी लागली. ती मुळाजवळ बिजागरीवर बसवून बाहेरच्या बाजूला दुमडली, म्हणजे उतरताना पंखाच्या मुख्य कण्याला वाकवणारा भार कमी राहतो. पण दोन चाकांत अंतर फक्त पावणेदोन मीटरच्या आसपास, त्यामुळे आडव्या वाऱ्यात उतरताना विमान कलंडायची भीती. सुरुवातीच्या विमानांत चाकं आत घ्यायला हातपंप होता. उजव्या हाताने पंप मारताना डाव्या हातातली दांडी हलायची आणि नवशिक्याचं विमान उड्डाणानंतर आकाशात नाक वरखाली करत जायचं.

पंखाने आपली किंमत नंतर वसूल केली. एप्रिल 1944 मध्ये फार्नबरो इथल्या सरकारी विमान-संशोधन केंद्राच्या चाचण्यांत एका स्पिटफायरने सूर मारताना आवाजाच्या वेगाच्या सुमारे 0.9 पट वेग गाठला. त्या सुरात प्रोपेलर तुटून गेला आणि वैमानिक मार्टिनडेलने विमान तरंगत परत आणून उतरवलं. 1935 मध्ये आखलेला पंख होता तो.

इंजिन, गारवा आणि डाळ

मर्लिन थंड करायला साध्या पाण्याऐवजी ग्लायकॉल आलं. ते पाण्यापेक्षा खूप वरच्या तापमानाला उकळतं, म्हणून ते जास्त तापू देता येतं. द्रव जितका गरम तितकी त्याची उष्णता हवेत लवकर जाते, म्हणून रेडिएटर लहान पुरतो. तो उजव्या पंखाखाली एका बोगद्यात बसवला. फार्नबरोच्या मेरेडिथने दाखवलं होतं, की असा बोगदा पुढे अरुंद, मध्ये रुंद आणि मागे पुन्हा अरुंद केला तर आत तापून फुगलेली हवा मागून जोरात बाहेर पडते आणि रेडिएटरचा बराचसा विरोध फिटतो.

हवेत ही व्यवस्था छान चालायची, जमिनीवर नाही. रेडिएटर प्रोपेलरच्या झोताबाहेर, आणि चाक खाली असलं की त्याचा पाय हवेच्या वाटेत. चार-पाच मिनिटं जमिनीवर रेंगाळलं तरी तापमानाचा काटा धोक्याकडे सरकायचा. त्यात लांब नाकामुळे समोरचं दिसत नाही, म्हणून विमान नागमोडी चालवत न्यावं लागे. चित्रपटात वैमानिक धावत येतात आणि लगेच उडतात. त्यात शौर्य आहेच, पण थांबून चालणारही नसे.

नमुना विमान के-5054 हे 5 मार्च 1936 ला ईस्टली विमानतळावरून कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक 'मट' समर्स याने उडवलं. उड्डाण जेमतेम आठ मिनिटांचं. उतरल्यावर 'कशालाही हात लावू नका' असं तो म्हणाला, आणि त्याचा अर्थ लोक विमान पहिल्याच दिवशी निर्दोष होतं असा लावतात. चाचणी वैमानिकाला एवढंच सांगायचं असतं, की पुढच्या उड्डाणापर्यंत जुळवणी बदलू नका. कारण विमान निर्दोष नव्हतंच. वेग भरला ताशी सुमारे 539 किलोमीटर, हवा होता 560 च्या पुढे. हॉकरचं हरिकेन याच्या जवळपास येत होतं, आणि ते बनवायला कितीतरी सोपं. फरक तेवढाच असता तर स्पिटफायर कोणी घेतलं नसतं. दोष प्रोपेलरच्या टोकांत निघाला. ती आवाजाच्या वेगाजवळ जाऊन शक्ती वाया घालवत होती. नवा प्रोपेलर लावल्यावर वेग ताशी 560 च्या आसपास गेला.

मग रिव्हेटचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचा प्रश्न. पत्र्यात सपाट बसणारं रिव्हेट हवेला अडत नाही, पण ते मारायला वेळ आणि पैसा लागतो. गोल डोक्याचं स्वस्त. कुठे कोणतं चालेल? नमुना विमानावर सगळी रिव्हेटं सपाट होती. त्यांच्या डोक्यांवर वाटाण्याची डाळ एकेक करून चिकटवली, म्हणजे गोल डोकं तयार. विमान उडवलं. वेग ताशी सुमारे 35 किलोमीटरने घटला. मग भागाभागावरची डाळ काढत पुन्हा पुन्हा उड्डाणं केली आणि कुठल्या भागातली डाळ किती वेग खाते ते मोजलं. निष्कर्ष असा, की पंखावर सपाट रिव्हेट हवीतच, धडावर मात्र गोल डोकी चालतील. एवढं पडद्यावर दाखवलं असतं, तर सीगलपेक्षा जास्त कळलं असतं.

मे 1936 च्या शेवटी हवाई दलाचा वैमानिक एडवर्ड्स-जोन्सने मार्टलशॅम हीथ या चाचणी केंद्रावर विमान उडवून पाहिलं. त्याला फोनवर एकच प्रश्न आला: साध्या, अननुभवी वैमानिकाला हे जमेल का? चाकं आणि फ्लॅप्स (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या झडपा) यांचं नीट शिक्षण दिलं तर जमेल, असं त्याचं उत्तर. पहिल्याच उतरणीत चाकं खाली सोडायचं तो स्वतः विसरता विसरता राहिला होता. 3 जूनला 310 विमानांची मागणी नोंदली गेली.

लढाईतल्या दोन अडचणी पडद्यावर दिसत नाहीत, दिसायलाही नकोत, कारण 1942 ला त्या शत्रूला सांगण्यासारख्या नव्हत्या. खूप उंचीवर बंदुका गोठायच्या, म्हणून रेडिएटरची गरम हवा त्यांच्याकडे वळवली आणि नळ्यांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या चिकटवल्या. पहिली गोळी पट्टी फाडून जायची. प्रत्येक बंदुकीला 300 गोळ्या, म्हणजे सगळा साठा सुमारे 15 सेकंदांत खलास.

दुसरी अडचण कार्ब्युरेटरची. नाक एकदम खाली दाबलं की इंधन कार्ब्युरेटरच्या टाकीत वर उडायचं, इंजिनाला क्षणभर काही मिळायचं नाही. पाठोपाठ आतले तरंगते गोळे चुकीच्या जागी जाऊन इंधनाचा लोंढा सुटायचा आणि काळा धूर सोडत इंजिन गुदमरायचं. जर्मन विमानात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यामुळे ते बिनधास्त सूर मारून निसटायचं. ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटं करून मग सूर मारायचे. 1941 मध्ये फार्नबरोच्या बिअट्रिस शिलिंगने इंधनाच्या वाटेत नेमक्या मापाच्या भोकाची पितळी चकती बसवली. पूर्ण जोरावर इंजिनाला लागेल तेवढंच इंधन त्यातून जाई, म्हणून लोंढा थांबला. पूर्ण इलाज नव्हे, पण विमान न उघडता बसवता येणारा.

मिचेल, आणि पडद्यावरचा मिचेल

हॉवर्डचा मिचेल मृदू, स्वप्नाळू, कवीच्या जातीचा. खरा मिचेल स्टॅफर्डशायरचा, तगडा, खेळांची आवड असलेला. विचारात असताना कोणी आत आलं तर खेकसणारा, पण सहकाऱ्यांचं ऐकून घेणारा. चित्रपटातल्या बायकोचं नाव डायना, खऱ्या पत्नीचं फ्लोरेन्स. क्रिस्प नावाचा कोणी नव्हता, तो अनेक चाचणी वैमानिकांचं मिश्रण आहे.

आजारपणाची मांडणी जास्त खटकते. पडद्यावर डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगतो, मिचेल देशासाठी ती नाकारतो आणि अतिश्रमाने मरतो. प्रत्यक्षात त्याला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग होता. ऑगस्ट 1933 मध्ये शस्त्रक्रिया करून पोटावर कायमची पिशवी बसवावी लागली. म्हणजे टाइप 224 चं पहिलं उड्डाण, नव्या विमानाची आखणी, नमुन्याच्या चाचण्या, हे सगळं त्यानंतरचं. 1934 मध्ये तो विमान चालवायलाही शिकला. आजार परतला, 1937 च्या वसंतात उपचारासाठी व्हिएन्नाला जाऊन तो परत आला, आणि 11 जून 1937 ला वयाच्या 42 व्या वर्षी वारला. त्याला काम आणि आजार यांत निवड करायची नव्हती, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. माझ्या मते खरी हकीकत जास्त ताकदीची आहे.

मृत्यूनंतर चित्रपट थेट 1940 च्या आकाशात जातो. मधली तीन वर्षं मात्र फार कठीण गेली. सुपरमरीन लहान कंपनी, म्हणून पंखांचं काम बाहेर दिलं होतं. त्या कंपन्यांना तो पिळाचा, दुहेरी वळणाचा पत्रा जमेना. 1938 च्या सुरुवातीला वूलस्टनमध्ये धडं तयार होऊन पंखांची वाट बघत पडली होती. पहिलं उत्पादित विमान मे 1938 मध्ये उडालं, ऑगस्टमध्ये डक्सफर्डच्या 19 नंबरच्या स्क्वॉड्रनला मिळालं. कॅसल ब्रॉमविचच्या प्रचंड नव्या कारखान्यातून 1940 च्या मेपर्यंत विमान बाहेर पडत नव्हतं, तेव्हा विमान-उत्पादन मंत्री बीव्हरब्रुकने तो व्हिकर्सच्या ताब्यात दिला. सप्टेंबर 1940 मध्ये वूलस्टनवर बाँब पडले. मग काम सॉल्सबरी, रेडिंग, ट्रोब्रिज अशा गावांतल्या बसगाड्यांच्या गॅरेजांत आणि धुलाईखान्यांत वाटलं गेलं. या सगळ्यात रचना पुढे नेली जोसेफ स्मिथने. विमान युद्धभर सुधारत राहिलं आणि 20,000 च्या वर बनलं, ते त्याच्यामुळे. चित्रपटात त्याला स्थान नाही. हरिकेनलाही जवळपास नाही, जरी ब्रिटनच्या लढाईत हरिकेनं संख्येने जास्त होती आणि शत्रूची विमानंही त्यांनीच जास्त पाडली.

ओझरती नोंद मुंबईकरांसाठी: ब्रिटिश हवाई दलाच्या 132 नंबरच्या स्क्वॉड्रनचं नाव 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं आणि 1941 पासून ते स्पिटफायर उडवत होतं. प्रत्यक्ष विमान पाहायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात भारतीय दलाचं एक जपलेलं आहे.

चित्रपट बघताना

हवाई दृश्यं बरीचशी अस्सल आहेत. हॅम्पशायरमधल्या इब्सली विमानतळावर 1941 मध्ये चित्रण झालं आणि चौकटीत दिसणारे कित्येक वैमानिक तिथलेच, नोकरीवरचे. के-5054 मात्र पडद्यावर नाही. ते युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात, 4 सप्टेंबर 1939 ला, फार्नबरोला उतरताना उलटलं आणि त्यात वैमानिक मृत्यू पावला. पहिल्या उड्डाणाच्या दृश्यात दुसऱ्या स्पिटफायरने त्याचं सोंग घेतलंय, आणि उडवलंय कंपनीचा चाचणी वैमानिक जेफ्री क्विल याने. 1936 मध्ये खऱ्या नमुन्याच्या बहुतेक चाचण्या त्यानेच केल्या होत्या. म्हणून त्या कसरतींकडे नीट बघा. वळताना विमानाला किती घट्ट आवळता येतं, ते ठाऊक असलेला हात त्यात आहे.

हॉवर्ड स्वतः 1 जून 1943 ला गेला. लिस्बनहून ब्रिटनला येणारं प्रवासी विमान जर्मन विमानांनी बिस्केच्या उपसागरावर पाडलं, त्यात तो होता.

दोन आवृत्त्या फिरतात. अमेरिकेत तो 'स्पिटफायर' या नावाने, बराच कापून दाखवला गेला. मूळ ब्रिटिश आवृत्ती सुमारे दोन तासांची आहे, तीच शोधा, कारण कापाकापीत श्नायडरच्या भागाचं नुकसान होतं. संगीत विल्यम वॉल्टनचं. कारखान्यात विमान जोडलं जातं त्या दृश्यात त्याने फ्यूग वापरलाय, म्हणजे एकच धून एका वाद्याने सुरू करायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, पहिली चालूच ठेवून. पत्रा, कणा, इंजिन, पंख वेगवेगळ्या हातांतून येऊन एकत्र बसतात, तसा तो बांधलाय. संपूर्ण चित्रपटात एकट्या मिचेलऐवजी कारखाना बोलतो तो एवढ्या काही मिनिटांत.